ख्रिसमस बेट : पर्यटकांसाठी माहिती

हिंदी महासागरातील, ऑस्ट्रेलियाच्या अमलाखालील उष्ण कटिबंधीय बेट. क्षेत्रफळ १३५ चौ. किमी., लोकसंख्या १,६९२ (२०२१). ते जावाच्या दक्षिणेस सु. ३५० किमी. व पर्थपासून सु. २,६०० किमी. अंतरावर आहे. १६४३ साली नाताळच्या दिवशी विल्यम मायनर्स या कप्तानाचे जहाज जवळून गेले, त्यावरून हे नाव पडले. पॅसिफिक महासागरात किरिबाटी देशातही याच नावाचे एक बेट आहे, तेव्हा तिकीट काढताना नीट पाहिलेले बरे. बेटाचा सु. ६३ टक्के भाग राष्ट्रीय उद्यानात मोडतो. फॉस्फेटच्या खाणी उरलेल्या भागात आहेत.

बहुतेक पाहुणे येतात ते तांबड्या खेकड्यांच्या स्थलांतरासाठी. एरवी हे खेकडे जंगलात बिळे करून राहतात आणि गळलेला पाला खातात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पहिला चांगला पाऊस झाला की कोट्यवधी खेकडे समुद्राची वाट धरतात. नर पुढे असतात. किनाऱ्याशी पोहोचल्यावर ते पाण्यात डुबकी मारतात, मग बिळे खणतात. मीलनानंतर नर माघारी फिरतात आणि माद्या पोटाखाली अंडी धरून १२-१३ दिवस ओलसर बिळात बसतात. एकेका मादीकडे लाखभरापर्यंत अंडी असतात.

अंडी सोडण्याची वेळ चंद्रावर ठरते. वद्य अष्टमीच्या सुमारास, भरती उलटून ओहोटी लागल्यावर, उजाडण्यापूर्वी माद्या पाण्याच्या कडेशी येऊन अंडी झटकतात. या दिवसांत समुद्राला भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीतील फरक सर्वांत कमी असतो, त्यामुळे कडेला उभे राहणे त्यांना सोपे जाते. हा प्रकार लागोपाठ पाच-सहा रात्री चालू राहतो. सहलीच्या तारखा ठरवायला घरातले पंचांग पुरते. नोव्हेंबर व डिसेंबर या दोन महिन्यांतील वद्य अष्टमी पाहावी. त्यापैकी कोणती, हे मात्र पाऊस ठरवतो. पाऊस लवकर आला तर खेकडे रमतगमत उतरतात, उशिरा आला तर घाई करतात, आणि फारच लांबला तर पुढच्या चांद्रमासापर्यंत थांबतात. म्हणून एकाच आठवड्यावर सगळी मदार ठेवणे शहाणपणाचे नाही.

स्थलांतराच्या काळात काही रस्ते बंद असतात. रस्त्याकडेच्या कुंपणांमुळे खेकडे खालच्या बोगद्यांकडे वळतात, आणि एका ठिकाणी तर त्यांच्यासाठी रस्त्यावरून सु. ५ मीटर उंचीचा पूल बांधला आहे. खेकडे सकाळी व संध्याकाळच्या सुमारास चालतात आणि दुपारच्या उन्हात सावलीला थांबतात. त्यामुळे गाडी न्यायचीच असेल तर दुपारी न्यावी. रस्ता अडला की स्थानिक लोक पाला ओढायच्या दाताळ्याने खेकड्यांना हळूच बाजूला सारतात. सोबतच्या एकाने उतरून हेच करावे. चाकाखाली सापडलेल्या कवचांनी टायरही फाटू शकतात.

रात्री सावध राहावे लागते ते नारळी खेकड्यामुळे. जमिनीवरील संधिपादांत हा सर्वांत मोठा, वजनाने ४ किलोपर्यंत जाणारा. तो रस्त्यावर मेलेले तांबडे खेकडे खायला येतो आणि स्वतःही चिरडला जातो. तो संरक्षित आहे. त्याला हात लावू नये. बाहेर ठेवलेले भांडे किंवा चप्पल तो ओढून नेतो. इंग्रजीत त्याला ‘रॉबर’ म्हणतात ते उगाच नाही.

जंगलात काही ठिकाणी खेकडेच दिसत नाहीत आणि जमिनीवर रोपांची दाटी झालेली आढळते. ही पिवळ्या क्रेझी मुंग्यांची करणी. बाहेरून आलेल्या या मुंग्या फॉर्मिक आम्ल उडवतात व खेकड्यांना मारतात. त्यांना गोड स्राव पुरवणाऱ्या खवले किडीच्या बंदोबस्तासाठी २०१६ मध्ये मलेशियातून आणलेली सूक्ष्म गांधीलमाशी सोडण्यात आली.

पक्षी पाहणाऱ्यांनी ॲबट बूबी चुकवू नये. तिची वीण आता जगात फक्त इथेच होते. ख्रिसमस फ्रिगेट पक्ष्याचीही हीच गोष्ट. द डेल्स या पाणथळ दऱ्यांत निळे खेकडे आढळतात. तिकडच्या कच्च्या वाटेला चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी हवी.

किनारा बहुतांशी कड्यांचा आहे. पोहायला व स्नॉर्केलिंगला फ्लाइंग फिश कोव्ह सोयीचा. डिसेंबर ते एप्रिल या पावसाळ्यात लाटा उसळल्या की मालवाहू जहाजे धक्क्याला लागत नाहीत आणि दुकानात ताजी भाजी महाग होते किंवा मिळेनाशी होते. शाकाहारी प्रवाशांनी त्याचा अंदाज बांधूनच यावे.

भारतीयांना ऑस्ट्रेलियाचा व्हिसा लागतो व चलनही ऑस्ट्रेलियन डॉलरच आहे. नेहमीचा मार्ग पर्थहून विमानाने. फेऱ्या मोजक्या असल्याने खेकड्यांच्या हंगामातील जागा कित्येक महिने आधी भरतात. धावपट्टी पठारावर असल्याने ढग उतरले की विमान न उतरता परत फिरते. परतीनंतरच्या पुढच्या विमानापूर्वी दोन-तीन दिवस मोकळे ठेवावेत.