शिखरावरचे दोन तास

दर सप्टेंबरात, ११ तारखेच्या सर्वांत जवळ येणाऱ्या शनिवारी, न्यू हॅम्पशरमधल्या व्हाइट माउंटन्सच्या रांगांत एक शांत सोहळा होतो. त्या राज्यात चार हजार फुटांहून उंच अशी ४८ शिखरं मोजली जातात. त्या दिवशी दुपारी बारा ते दोन या वेळात त्या सगळ्या शिखरांवर अमेरिकेचा झेंडा फडकवला जातो. झेंडे वर नेणारी माणसं साधी हौशी पदभ्रमणकार असतात. त्यांना कुणी पगार देत नाही आणि सरकारी हुकूमही काढत नाही. दोन वाजले की झेंडे उतरतात, घडी घालून पाठीवरच्या पिशवीत जातात, आणि डोंगर पुन्हा होता तसा होतो. या उपक्रमाचं नाव ‘फ्लॅग्ज ऑन द फॉर्टी-एट’.

आपल्या मंडळातली बरीच तरुण मुलं आता या डोंगरांत जातात. त्यांच्यापैकी अनेकांचा जन्म २००१ नंतरचा. त्यांना ११ सप्टेंबर हा शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकातला धडा आहे; आम्हा जुन्या लोकांना ती आठवण आहे. आठवणीचा इतिहास होतो तेव्हा नेमकं काय घडतं, हे पाहायला मला या ४८ झेंड्यांइतकं चांगलं उदाहरण दुसरं सापडलेलं नाही.

सुरुवातीची हकीकत छोटीशी आहे. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कच्या मनोऱ्यांवर आदळलेली दोन्ही विमानं बॉस्टनच्या लोगन विमानतळावरून उडाली होती. त्यामुळे न्यू इंग्लंडला तो घाव घरचा होता. चारच दिवसांनी, १५ सप्टेंबरला, पदभ्रमणकारांचा एक छोटा गट फ्रँकोनिया नॉचजवळच्या माउंट लिबर्टीवर झेंडा घेऊन चढला. हे शिखर ४,४५९ फूट उंच आहे. वाट चार मैलांची आणि चढ सव्वातीन हजार फुटांचा. घरी दूरचित्रवाणीसमोर बसवत नव्हतं आणि काय करावं तेही कळत नव्हतं, अशा दिवसांत पायांना जे येत होतं ते त्यांनी केलं. पुढच्या वर्षी, २००२ मध्ये, तीच कल्पना सगळ्या ४८ शिखरांवर पसरली आणि तेव्हापासून ती वार्षिक रीत झाली.

४८ हा आकडाही समजून घेण्यासारखा आहे. १८७६ मध्ये स्थापन झालेल्या अॅपलेशियन माउंटन क्लबने १९५७ मध्ये ‘चार हजार फुटी’ शिखरांची यादी मान्य केली. नियम असा की शिखर चार हजार फुटांहून उंच तर हवंच, शिवाय शेजारच्या उंच शिखराशी जोडणाऱ्या खिंडीपासून ते निदान दोनशे फूट वर उठलेलं हवं. लोकांनी गर्दीच्या मोजक्या वाटा सोडून बाकीचे डोंगरही पाहावेत, हा त्या यादीमागचा हेतू होता. म्हणजे जी यादी हौसेसाठी जन्मली, तीच पुढे शोकाचा नकाशा झाली. यादीत ६,२८८ फुटांचं माउंट वॉशिंग्टन आहे; तिथल्या वेधशाळेत १२ एप्रिल १९३४ रोजी ताशी २३१ मैल वेगाचा वारा नोंदला गेला होता. आणि त्याच यादीत आउल्स हेडसारखं झाडीत बुडालेलं शिखरही आहे. तिथे जायला-यायला मिळून अठरा मैलांच्या आसपास चालावं लागतं, ओढे ओलांडावे लागतात, आणि वर पोचल्यावर दृश्य म्हणून बहुतेक झाडंच दिसतात. तिथला झेंडा खालून कुणाला दिसण्याची शक्यता नाही. तरीही तो न्यायचा असतो. मला या उपक्रमातली ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

इतिहासात शिखरावरचा झेंडा बहुधा एकच वाक्य बोलत आला आहे: ‘हे आमचं.’ १८४२ मध्ये जॉन फ्रेमाँटने रॉकी पर्वतातल्या एका शिखरावर अमेरिकेचा झेंडा रोवला तेव्हा पश्चिमेकडच्या विस्ताराची ती जाहिरातच होती. २३ फेब्रुवारी १९४५ रोजी इवो जिमा बेटावरच्या सुरिबाची डोंगरावर सैनिकांनी उभारलेल्या झेंड्याचं छायाचित्र जगभर गेलं; तोही लढाईतल्या सरशीचा झेंडा. २९ मे १९५३ रोजी एव्हरेस्टवर तेनझिंगने बर्फाची कुऱ्हाड उंचावली, तिला संयुक्त राष्ट्रांचा, ब्रिटनचा, नेपाळचा आणि भारताचा असे चार झेंडे बांधलेले होते. तिथे मालकीचा सूर बराच सौम्य झाला होता, पण सूर विजयाचाच होता.

व्हाइट माउंटन्सही या मालकीच्या इतिहासातून सुटलेले नाहीत. अबेनाकी लोक माउंट वॉशिंग्टनला अजिओकोचुक म्हणत. १६४२ मध्ये डार्बी फील्ड नावाचा वसाहतवाला वर गेला, तेव्हा त्याच्याबरोबरचे बहुतेक स्थानिक वाटाडे शिखराच्या खालीच थांबले, अशी त्या काळची नोंद आहे. १८२० मध्ये एक मंडळी वर चढली आणि त्यांनी आजूबाजूच्या शिखरांना अॅडम्स, जेफरसन, मॅडिसन, मन्रो अशी राष्ट्राध्यक्षांची नावं देऊन टाकली. डोंगर तेच राहिले, नावं बदलली. आपल्या नव्या पिढीने या वाटांवर चालताना हेही ठाऊक ठेवावं.

डोंगराला स्मारक मानण्याची दुसरी परंपराही आहे, आणि तिचं उत्तम उदाहरण इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये सापडतं. पहिल्या महायुद्धात मेलेल्या आपल्या सभासदांसाठी तिथल्या फेल अँड रॉक क्लायम्बिंग क्लबने पुतळा बसवला नाही. त्यांनी ३,००० एकरांवर डोंगराळ जमीन विकत घेतली आणि सगळ्यांना फिरायला कायमची खुली राहावी म्हणून नॅशनल ट्रस्टला दिली. ८ जून १९२४ रोजी ग्रेट गेबल या शिखरावर त्या मृतांच्या नावांची धातूची पाटी उघडण्यात आली. पाटीवर जो ध्वज झाकला होता तो जटलंडच्या लढाईत एचएमएस बरहॅम या युद्धनौकेवर फडकलेला. त्या दिवशी बोलायला उभे राहिलेले जेफ्री विन्थ्रॉप यंग युद्धात एक पाय गमावलेले गिर्यारोहक होते. आजही नोव्हेंबरातल्या स्मरणाच्या रविवारी लोक थंडीवाऱ्यात तिथे चढून जातात आणि शांत उभे राहतात.

पॉल कॉनर्टन या अभ्यासकाचं ‘हाऊ सोसायटीज रिमेंबर’ हे १९८९ चं छोटं पुस्तक आहे. त्याचा मुद्दा असा की समाजाची आठवण ग्रंथांइतकीच शरीरात असते. वाकणं, उभं राहणं, चालणं यांतून ती पुढे जाते. मराठी माणसाला हे वेगळं सांगायला नको. पंढरीची वारी कोण्या ग्रंथालयाने जपलेली नाही, ती पायांनी जपली आहे. १८९६ मध्ये टिळकांच्या प्रेरणेने रायगडावर शिवाजी उत्सव झाला, तेव्हाही लोकांना गड चढावाच लागला. दमलेल्या शरीराला जे कळतं ते सभागृहातल्या खुर्चीवर बसून कळत नाही.

आता आपल्या स्वतःच्या अडचणीबद्दल लिहितो, कारण ती लपवून हा लेख खरा होणार नाही.

१५ सप्टेंबर २००१. माउंट लिबर्टीवर झेंडा चढला तो हाच दिवस. याच दिवशी अॅरिझोनातल्या मेसा शहरात एका शीख गृहस्थाला त्यांच्या पेट्रोल पंपाबाहेर गोळी घालून ठार मारण्यात आलं. ते तिथे फुलझाडं लावायच्या कामात होते. पगडी आणि दाढी एवढाच त्यांचा ‘गुन्हा’. मारणारा स्वतःला देशभक्त म्हणवत होता. त्या आठवड्यांत आपल्यापैकी अनेकांनी मोटारीच्या काचेला छोटे झेंडे लावले. काहींनी मनापासून लावले, काहींनी भीतीने, आणि बऱ्याच जणांना आपलं कारण नेमकं कोणतं हे स्वतःलाही सांगता आलं नसतं. मीही लावला होता. तेव्हापासून तो झेंडा दिसला की माझ्या मनात शंका उभी राहायची: हा मला सामावून घेतोय की माझी परीक्षा घेतोय?

ही शंका घेऊनच काही वर्षांपूर्वी त्या शनिवारी मी माउंट पीअर्स चढलो. ४,३१० फुटांचं हे शिखर त्यातल्या त्यात सोपं. वाट १८१९ मध्ये काढलेल्या क्रॉफर्ड पाथची, अखंड वापरात असलेली देशातली सर्वांत जुनी डोंगरवाट. वर पोचलो तेव्हा पाचसहा माणसं जोडनळ्यांची काठी दोऱ्यांनी ताणून बांधत होती. खडकात काही ठोकायचं नाही, मागे काही ठेवायचं नाही, झेंडा जमिनीला टेकू द्यायचा नाही, एवढ्यासाठी त्यांची चाललेली धडपड मी पाहत होतो. वारा जोराचा होता. एका बाईंनी माझ्याकडे वळून विचारलं, “जरा ही दोरी धरता का?” मी धरली. कुठून आलात, काय करता, कुणी विचारलं नाही. बारा वाजता सगळे गप्प झाले. दुर्बिणीतून शेजारच्या माउंट आयझेनहॉवरवर एक लाल-निळा ठिपका हलताना दिसला. तिथेही कुणीतरी दोरी धरून उभं होतं.

माझी शंका त्या दिवशी मिटली असं मी म्हणणार नाही. मेसातला खून आणि पीअर्सवरची दोरी, दोन्ही एकाच देशात घडलं आणि दोन्ही एकाच झेंड्याच्या नावाने. एक खरं मानून दुसरं खोटं ठरवणं हे इतिहासाच्या विद्यार्थ्याचं काम नाही. एवढं मात्र कळलं की झेंड्याचा अर्थ कापडात नसतो, तो धरणाऱ्याच्या हातात असतो. दोन तासांनी उतरवला जाणारा झेंडा कुणाची जमीन घेत नाही, कुणाला तपासत नाही. तो गेलेल्यांची आठवण काढतो आणि खाली येतो.

त्या दिवशी २,९७७ माणसं मारली गेली. ती नव्वदहून अधिक देशांची होती, त्यांत भारतातलीही होती. म्हणजे शोक एकट्या कुणाच्या मालकीचा नव्हता.

शेवटी एक गोष्ट, जी मला फार उशिरा, जुनं पंचांग चाळताना लक्षात आली. २००१ साली ११ सप्टेंबर पितृपक्षात आला होता. १५ सप्टेंबरही. सर्वपित्री अमावास्या १७ सप्टेंबरला होती. पितृपक्षातल्या तर्पणात आपण आपल्या आईवडिलांना, आजी-आजोबांना पाणी देतो. आणि शेवटी, ज्यांच्याशी आपलं काही नातं नव्हतं, ज्यांना पाणी द्यायला मागे कुणी उरलं नाही, त्यांनाही देतो. आपल्या पूर्वजांनी ही सोय करून ठेवली आहे. अनोळखी मृतांसाठी ओंजळभर पाणी द्यायला नातं लागत नाही, नागरिकत्व तर नाहीच.

म्हणून तरुण वाचकांना सांगणं इतकंच: पुढच्या सप्टेंबरात एखादं शिखर गाठा. गुडघे शाबूत आहेत तोवर आउल्स हेडच निवडा, जिथला झेंडा कुणाला दिसत नाही. वर कुणी दोरी धरायला सांगितलं तर धरा. दोन वाजले की झेंड्याची नीट घडी घालायला हात लावा, आणि अंधार पडायच्या आत खाली या. घरी कुणीतरी वाट पाहत असतं.