मोबाइल संचांमधील सहकार्य

मोबाइलवर बोलताना आवाज तुटू लागला, की माणूस खिडकीकडे सरकतो आणि दोन पावलांवर आवाज पुन्हा स्पष्ट होतो. मनोऱ्यावरून निघालेल्या रेडिओलहरी इमारती व वाहनांवरून परावर्तित होऊन अनेक वाटांनी संचापर्यंत पोहोचतात. काही ठिकाणी त्या एकमेकींना बळ देतात, तर काही ठिकाणी निष्प्रभ करतात. या प्रकाराला ‘फेडिंग’ म्हणतात. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर असते. त्यामुळे वीतभर अंतरानेही संदेशाची तीव्रता बदलू शकते.

यावर जुना उपाय म्हणजे पुरेशा अंतरावर एकाहून अधिक अँटेना बसविणे. मात्र खिशात मावणाऱ्या संचात तेवढी जागा नसते. त्यातूनच शेजारच्या संचाची अँटेना उसनी घेण्याची कल्पना पुढे आली. समजा, एका संचाकडे येणारा संदेश दहांतून एकदा हरवतो. शेजारच्या संचाचीही तीच स्थिती असली आणि दोघांवरील परिणाम परस्परांवर अवलंबून नसले, तर दोन्हीकडे एकाच वेळी संदेश हरवण्याची शक्यता शंभरात एक एवढीच उरते. एकाला मिळालेला भाग त्याने दुसऱ्याला पुरविला, की संदेश पूर्ण होतो.

मध्यस्थामार्फत होणाऱ्या संदेशवहनाचा गणिती विचार एडवर्ड व्हॅन डर म्युलन यांनी १९७१ मध्ये मांडला. थॉमस कव्हर व अब्बास एल गमाल यांनी १९७९ मध्ये त्याला भक्कम पाया दिला. मोबाइलधारकांच्या परस्परसहकार्याचा सिद्धान्त २००३ मध्ये अँड्र्यू सेंडोनारिस, एल्झा अर्किप व बेहनाम आझांग यांच्या शोधनिबंधांतून पुढे आला.

मध्यस्थ संच दोन प्रकारे मदत करू शकतो. मिळालेला संदेश तो तसाच वर्धित करून पुढे धाडतो. यात संदेशाबरोबर गोंगाटही वाढतो. किंवा तो संदेश उलगडून नव्याने पाठवितो. मात्र उलगडताना चूक झाली, तर तीच पुढे जाते.

हे सहकार्य फुकट नसते. दुसऱ्याच्या संदेशासाठी आपली बॅटरी खर्च होते, लहरींचा काही काळ व्यापला जातो आणि परक्याच्या संचातून जाणारा मजकूर गुप्त राखण्यासाठी सांकेतिकीकरण आवश्यक ठरते.

संच थेट एकमेकांशी जोडण्याची तरतूद मोबाइलच्या जागतिक मानकांच्या बाराव्या आवृत्तीत, २०१५ मध्ये झाली. तिच्यामागे आपत्कालीन सेवांची गरज प्रामुख्याने होती. २०२२ मधील सतराव्या आवृत्तीने ‘फाइव्ह-जी’साठी मध्यस्थ संचाची सोय केली. मानकात तरतूद झाली म्हणून ती प्रत्येकाच्या हातातील संचात आली, असे मात्र नव्हे.

२६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत मुंबईतील दूरध्वनी व मोबाइल सेवा विस्कळीत झाली होती. अशा वेळी जवळचा मनोरा बंद पडला, तरी एका संचाकडून दुसऱ्याकडे सरकत संदेश चालू मनोऱ्यापर्यंत जाऊ शकेल. त्यासाठी वाटेतील प्रत्येकाला आपल्या उरल्यासुरल्या बॅटरीतील वाटा अनोळखी माणसासाठी द्यावा लागेल.