कनिघ्ट आणि नक्त

मागच्या आठवड्यात क्लायंटला एक मेल पाठवला. प्रॉडक्शनच्या डेटाबाबत आमची टीम पूर्ण 'डिस्क्रीट' राहील, असं मोठ्या थाटात लिहिलं. स्पेलचेकने लाल रेघ मारली नाही, कारण शब्द डिक्शनरीत होताच. फक्त शेवटी हवं होतं डबल ई आणि टी, मी लिहिलं ई-टी-ई. म्हणजे गुप्तता पाळू म्हणायच्या ऐवजी 'आम्ही सुटे सुटे राहू' असं कळवून बसलो. टीम लीडने तो मेल स्मायली टाकून सगळ्या टीमला फॉरवर्ड केला. आता यात माझा काय दोष? इंजिनिअरिंगला सेमिस्टरभर डिस्क्रीट मॅथ्स घासल्यावर हाताला तेच स्पेलिंग लागणार ना!

असो. शनिवारी चिडूनच शोधत बसलो, तर मजाच निघाली. हे दोन शब्द मुळात एकच. लॅटिनमधला 'डिस्क्रेटुस', म्हणजे वेगळा केलेला. ज्याला बरं-वाईट वेगळं करता येतं तो शहाणा, जपून बोलणारा. आपला 'विवेक' तरी काय आहे? संस्कृत विच् धातू, अर्थ वेगळं करणं. म्हणून तर हंसाचा नीरक्षीरविवेक. इंग्रजांनी सोळाव्या शतकानंतर हळूहळू एका शब्दाची दोन स्पेलिंगं करून दोन अर्थ वाटून घेतले, आणि चारशे वर्षांनी माझा मेल फॉरवर्ड झाला.

अशा वाटण्या बऱ्याच झाल्यात. पिठाचा फ्लावर आणि फुलाचा फ्लावर एकच. दळलेल्या धान्यातला सगळ्यात बारीक, उत्तम भाग म्हणजे त्याचं 'फूल'. सॅम्युअल जॉन्सनने 1755 साली डिक्शनरी काढली तेव्हासुद्धा त्याने पिठाला वेगळं स्पेलिंग दिलं नव्हतं. टूज काँप्लिमेंटमधला काँप्लिमेंट आणि 'छान दिसतेस' वाला काँप्लिमेंट, दोघांचं मूळ पुन्हा लॅटिनच, 'पुरं करणं'. पहिला थेट आला, दुसरा स्पेन-इटली-फ्रान्स फिरून, शिष्टाचार पुरा करण्याचा अर्थ घेऊन.

पण माझं खरं दुखणं दुसरंच आहे.

मी मराठी मीडियमचा. आमचे सर स्पेलिंग पाठ करून घ्यायचे ते अक्षरं जोडून: वेड-नेस-डे, बे-औ-टि-फुल, क-निघ्ट. पाठांतर पक्कं झालं, पण पहिल्या नोकरीत ट्रेनिंगला मोठ्याने वाचताना तोंडातून 'वेडनेसडे' निघून गेलं. वीसेक जण हसले. ट्रेनरबाईपण हसल्या, जरा मायेने, आणि ते जास्त लागलं. त्यानंतर दोन वर्षं मी मीटिंगमध्ये वारच उच्चारला नाही. सरळ तारीख सांगायचो!

तर मंडळी, आमचे सर चुकत नव्हते. त्यांना फक्त सहाशे वर्षं उशीर झाला होता. चॉसर 1400 साली वारला. त्याच्या 'कँटरबरी टेल्स'मधल्या सरदाराचा उच्चार साधारण 'क्निख्त' असा व्हायचा. के बोलायचे, जीएच घशातून काढायचे. रात्र म्हणजे 'निख्त'. दोन्ही शब्द कानाला वेगळे, त्यामुळे गोंधळ नाही. बुधवारसुद्धा जुन्या इंग्रजीत वोडन देवाचा दिवस, त्यातला डी चांगला ठणठणीत ऐकू यायचा.

मग 1476 साली विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना टाकला. पुढच्या दीड-दोनशे वर्षांत स्पेलिंगं शिशाच्या खिळ्यांत घट्ट होत गेली, आणि नेमके त्याच काळात उच्चार सरकत होते. आपल्या भाषेत सांगायचं तर कोड बदलत गेला, डॉक्युमेंटेशन जुनंच राहिलं. सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सरदाराचा के आणि जीएच दोन्ही गळले, आणि सरदार नि रात्र एकाच आवाजात येऊन बसले.

स्वरांचं तर विचारूच नका. 1400 ते 1700 च्या दरम्यान बहुतेक दीर्घ स्वर वर चढले. ओटो येस्पर्सन या डॅनिश भाषातज्ज्ञाने त्याला 'ग्रेट व्हॉवेल शिफ्ट' नाव दिलं. भेटण्याचा मीट पूर्वी 'मेऽट' होता, तो वर सरकला. मटणाचा मीट 'मॅऽट'च्या जवळपासचा, तोही चढत चढत तिथेच पोचला. स्पेलिंगमधलं डबल ई आणि ई-ए ही त्या जुन्या फरकाची खूण. अलेक्झांडर पोपने 1714 मध्ये टीचं यमक 'ओबे'शी जुळवलं, म्हणजे तो चहाला 'टे' म्हणत होता. ग्रेट, ब्रेक आणि स्टेक हे तिघे मात्र ई-ए असूनही अर्ध्या वाटेत बसून राहिले. का? भाषेला विचारा.

आणि आपण तरी कुठे धुतल्या तांदळाचे? 'ज्ञान' लिहितो ज आणि ञ जोडून, म्हणतो 'द्न्यान'. गंमत म्हणजे इंग्रजी 'नो'मधला तो मुका के या 'ज्ञ'चाच सख्खा चुलत भाऊ. एकाच मूळ धातूचे दोघे.

सगळ्यात भारी सापडलं ते रात्रीचं. 'नाइट'मधला जीएच-टी आणि संस्कृत 'नक्त'मधला क्त एकाच मुळातून आलेत. हा शब्द मी घरी ऐकलेला. आमची आजी श्रावणात नक्त करते. दिवसभर उपाशी राहायचं, रात्री चांदण्या दिसल्या की एकदाच जेवायचं. लगेच तिला फोन लावला. म्हटलं, आजी, तुझा नक्त आणि इंग्रजांचा नाइट एकच गं!

ती दोन मिनिटं शांत. मग म्हणाली, "म्हणजे ते पण रात्रीच जेवायचे का रे?"