रात्रीचा दिवा आणि पाण्यावरची भाजी



आपल्या शहापूर-मुरबाडच्या गटांच्या बैठकीत हल्ली एक प्रश्न येतो. शेडमध्ये मातीविना, पाण्यावर भाजी करायची आणि रात्री दिवे लावून ती लवकर वाढवायची, यासाठी गटाने कर्ज घ्यावं का? उत्तर शोधताना या दिव्यांचा इतिहास उपयोगी पडतो.

1880 साली इंग्लंडमध्ये विल्यम सीमेन्स या अभियंत्याने आपल्या काचघरातल्या झाडांना रात्री विजेच्या आर्क दिव्याचा उजेड दिला. झाडं जोमाने वाढली. पण दिवा उघडा असला की पानं करपायची. मध्ये काच धरली की वाचायची.

आपल्या तालुक्यातलं तानसा धरण 1892 साली पूर्ण झालं. त्याच सुमारास अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात लिबर्टी हाइड बेली भाज्यांवर असेच प्रयोग करत होते. सॅलडचा पाला लवकर तयार झाला. पालक मात्र पानं द्यायची सोडून फुलावर गेला. असं का झालं, ते कळायला आणखी तीस वर्षं लागली.

1920 साली गार्नर आणि अॅलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी ते दाखवून दिलं. त्यांच्याकडची तंबाखूची एक जात उन्हाळ्यात नुसती उंच वाढायची, फुलायची नाही. रोज काही तास अंधाऱ्या खोलीत ठेवून तिचा दिवस लहान केला आणि ती फुलली. झाडाला दिवस-रात्रीची लांबी समजते, हे तेव्हा कळलं. 1938 मध्ये पुढचं कळलं. झाड मोजतं ते रात्र. लांब रात्रीच्या मध्यावर थोडा वेळ दिवा लावला तरी त्याचा हिशेब चुकतो. महाराष्ट्रात शेवंतीवाले रात्री बल्ब लावतात ते याचसाठी. फुलं उशिरा, भाव असेल तेव्हा यावीत म्हणून.

म्हणजे दिव्याची कामं दोन. एक, झाडाला खूण देणं. त्याला मंद बल्ब पुरतो. दुसरं, झाडाला अन्न तयार करायला उजेड पुरवणं. त्याला उन्हासारखा भरपूर उजेड लागतो आणि तो विजेच्या बिलातून येतो. पालेभाजीला आजच्या एलईडीनेही एका चौरस मीटरला साधारण 80 ते 100 वॅट लागतात. दहा फूट बाय दहा फूट जागेत रोज आठ तास दिवे लावले, तर महिन्याला 200 युनिटच्या आसपास वीज जाते.

मातीविना शेतीची गोष्ट वेगळी आहे. कॅलिफोर्नियात गेरिक यांनी 1929 च्या सुमारास खतं विरघळवलेल्या पाण्यावर टोमॅटो वाढवून दाखवले. आपल्या देशात शोल्टो डग्लस यांनी 1946-47 मध्ये बंगालमधल्या कालिम्पाँगला खडी-वाळूत, साध्या सामानावर ही पद्धत बसवली. तिथे झाडांना ऊनच पुरलं.

आपल्याकडे तर आठ महिने ऊन भरपूर असतं. टंचाई पाण्याची. धरणं आपल्या उशाशी, पाणी मुंबईला आणि एप्रिल-मेमध्ये पाड्यांवर टँकर. तेच पाणी फिरवून वापरणारी पद्धत आपल्या कामाची आहे. पण पाणी फिरवायला पंप लागतो. उन्हाळ्यात दुपारी वीज गेली आणि पंप बंद पडला, तर नळ्यांतली रोपं काही तासांत माना टाकतात.

म्हणून कोणी माहितीपत्रक घेऊन आलं, तर सह्या करण्याआधी चार प्रश्न विचारा. हा दिवा खुणेसाठी की अन्नासाठी? महिन्याचं बिल किती आणि भाजी कुठल्या भावाने कोण घेणार? वीज गेली तर पंप कशावर चालेल? आमच्या पिकावर रात्रीच्या उजेडाचा काय परिणाम होतो? कारण पालक फुलावर जातो आणि भेंडीच्या काही जातींना दिवस लांबला की फुलायलाच उशीर होतो.

उत्तरं कागदावर घ्या आणि बैठकीत सगळ्यांना वाचून दाखवा. कर्जाचा हप्ता प्रत्येकीच्या बचतीतून जाणार आहे, तेव्हा हिशेबही प्रत्येकीला कळला पाहिजे.