कुडाची भिंत, घरकुलाची भिंत

मे महिन्यात धारणीजवळच्या एका ढाण्यात गेलो होतो. दुपारचे तीन. पक्कं घरकुल कुलूपबंद आणि म्हातारा बाजूच्या जुन्या कुडाच्या खोलीत आडवा पडलेला. म्हटलं, दादा, पक्क्या घरात का नाही झोपत? तर म्हणे, "भाऊ, थे सामानासाठी हाय. तिथं माणूस भाजून निघते."

तेव्हापासून हा विषय डोक्यात आहे, म्हणून जरा लांब लिहितो.

कोरकू भाषेत घराला 'उरा' म्हणतात. रुंद रस्त्याच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर घरांच्या रांगा, ही जुन्या कोरकू गावाची ओळख. सागाच्या किंवा इतर लाकडाच्या बल्ल्या, मधे बांबूचा कुड, त्याला आतून-बाहेरून माती-शेणाचा लेप, वर कवेलू. कवेलूंच्या फटीतून गरम हवा निघून जाते. भार बल्ल्यांवर असतो, भिंत फक्त आडोसा.

आता जगाकडे पहा. 1966 साली वर्नर ग्रेगोरी नावाच्या माणसाने कॅनडात थर्माकोलच्या पोकळ ठोकळ्यांचं पेटंट मागितलं. ठोकळे एकावर एक रचायचे, आत सळई टाकायची, काँक्रीट ओतायचं. साचा काढायचा नाही, तो भिंतीतच राहतो. काँक्रीटच्या तुलनेत थर्माकोलमधून उष्णता तिसेक पटीने कमी वाहते. म्हणून हिवाळ्यात घर उबदार, उन्हाळ्यात थंड. ताकद आतल्या सांगाड्याची आणि बाहेरून उष्णता अडवणारा थर. सामान वेगळं, पण कुडाची कल्पना याहून फार लांब नाही हो.

ते तंत्र इथे आणा असं मी म्हणत नाही. आपल्याकडे थर्माकोल यायचा तो गणपतीच्या मखरापुरता, त्यावरही 2018 पासून राज्यात बंदी. आणि मेळघाटात उन्हाळ्यात प्यायला पाणी नाही, तिथे काँक्रीटला कुठून आणायचं?

मग कुड का सुटला? एक कारण खरं आहे: प्रक्रिया न केलेला बांबू चार-पाच वर्षांत घुण खाते. दुसरं कारण कायद्याचं. 1927 च्या वन कायद्यात बांबूची गणना झाडात होती. 1974 ला व्याघ्र प्रकल्प झाला, तेव्हा जंगलातून काही आणणं आणखी अवघड झालं. 2006 च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनउपज मानलं आणि 2017 च्या दुरुस्तीने जंगलाबाहेरचा बांबू 'झाड' राहिला नाही. तोवर एक पिढी कुड बांधणं विसरली होती. तिसरं कारण अर्थातच घरकुल. 1985-86 ची इंदिरा आवास, 2016 पासून प्रधानमंत्री आवास. डोंगराळ भागाला 1 लाख 30 हजार रुपये, किमान 25 चौरस मीटर. पक्कं घर मिळालं ही मोठी गोष्ट आहे, तिला मी नावं ठेवत नाही. पण या पैशात चार इंची विटेची भिंत आणि टिनाचं छप्पर एवढंच बसते.

पक्कं म्हणजे मजबूत, हेही तपासून पाहावं. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीत सुमारे दहा हजार माणसं गेली, ती बहुतेक जाड दगड-मातीच्या भिंतींखाली. भिंत जितकी जड तितका मार मोठा. 2018 च्या ऑगस्टमध्ये आपल्या साद्राबाडी परिसरात जमीन हादरत होती, लोक रात्री बाहेर झोपत होते, आठवतं ना? हलक्या कुडाची भिंत हलते, फार तर लेप गळतो.

आपल्याच तालुक्यात लवाद्याला सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी संपूर्ण बांबू केंद्र उभं केलं. बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्यात बांबू मुरवला की घुण लागत नाही, हे तिथे इथल्याच पोरांना शिकवलं गेलं. सुनीलभाऊ 2021 मध्ये गेले. बांबूचं शास्त्र राष्ट्रीय बांधकाम संहितेतही आहे, आणि केंद्राने 'पहल' नावाने ग्रामीण घरांच्या नमुन्यांचं जे संकलन काढलं त्यात स्थानिक साहित्याची घरं आहेत. म्हणजे कागद आडवा येत नाही. तो नकाशा लाभार्थ्यापुढे कोणी ठेवत नाही, एवढंच.

परत निघताना दादाने विचारलं, "टिनाखाली बांबूची चटई ठोकली तं चालन का? हप्ता तं नाही अडकणार?"

मला उत्तर देता आलं नाही. गृहनिर्माण विभागातलं कोणी वाचत असेल तर इथेच खाली लिहा, मी त्यांना जाऊन सांगतो.