हिंदू कॉलनीतली तांबडी-हिरवी लादी

दादरच्या हिंदू कॉलनीतल्या आमच्या घरात सामान म्हणावं असं फारसं नव्हतं. एक पलंग, एक शिसवी कपाट, दोन खुर्च्या. पण पायाखाली मात्र थाट होता. बाहेरच्या खोलीभर तांबड्या, पिवळ्या आणि गर्द हिरव्या नक्षीची लादी, भोवती काळ्या वेलीची किनार. सणाला पाटाभोवती रांगोळी काढायला घेतली की आजी म्हणायची, "कशाला गं? खाली काढलेलीच आहे." तिच्या माहेरी, रत्नागिरीकडे, सारवलेली जमीन, फार तर ओटीवर तांबडा कोबा. रोज न सारवता नुसती पुसली की लखलखणारी ही लादी तिला मुंबईचं खरं ऐश्वर्य वाटे.

कुलाब्याच्या अफगाण चर्चमधल्या किंवा भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयातल्या मिंटन कंपनीच्या लाद्या विलायतेहून बोटीने आलेल्या. त्या मातीच्या आणि भट्टीत भाजलेल्या. आमची लादी सिमेंटची, तिला विस्तव लागलेलाच नाही. ही कला एकोणिसाव्या शतकात फ्रान्स आणि स्पेनमध्ये रुजली.

ती घडवायची रीत अशी: लोखंडी चौकटीत पितळी पट्ट्यांचा नक्षीचा साचा ठेवायचा. सफेद सिमेंट, संगमरवराची पूड आणि खनिज रंग पाण्यात कालवून ते पळीने एकेका कप्प्यात ओतायचे. मग साचा सरळ वर उचलायचा. हात जरासा हलला तरी तांबडं पिवळ्यात गेलंच. वर सिमेंट आणि वाळूचं कोरडं मिश्रण पसरून सगळं दाबयंत्राखाली दाबायचं. कोरडा थर वरच्या रंगातलं पाणी शोषून घेतो आणि लादी घट्ट होते. पुढे तिला पाण्यात मुरवायचं. रंग वरवर फासलेला नसतो, काही मिलिमीटर खोल असतो, म्हणून दोन पिढ्या चालल्या तरी वेल पुसली जात नाही. सिमेंटच्या क्षारापुढे झाडापानांचे रंग टिकत नाहीत. लोहाची तांबडी आणि पिवळी टिकते, क्रोमची हिरवी टिकते. आमच्या नक्षीत नेमके हेच तीन रंग का होते, हे मला फार उशिरा कळलं.

1896 ला मुंबईत प्लेग आला, 1898 मध्ये शहर सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याच्याच आखणीतून दादर-माटुंग्याच्या वसाहती उभ्या राहिल्या. उजेड, वारा, धुता येणारी जमीन हे त्या पिढीच्या जिवाचे प्रश्न होते. 1922 मध्ये सिधवा कुटुंबाने स्वदेशीच्या ध्यासातून भारत फ्लोअरिंग्ज सुरू केली, आणि साहेबाच्या लादीच्या तोडीची लादी इथेच होऊ लागली. 1937 मध्ये वास्तुविशारदांच्या संस्थेने टाउन हॉलमध्ये आदर्श घराचं प्रदर्शन भरवलं, तेव्हा ते बघायला लाखभर माणसं लोटली. घर कसं सजवावं याची एवढी ओढ या शहराला होती, आणि कारकुनाच्या दोन खोल्यांपर्यंत ती पोचली ती लादीच्या रूपाने. भिंतींना दरवर्षी पांढरा चुना लागे. रंगाची सगळी हौस जमिनीवर फिटे.

पुढे मोझॅक आलं, मग संगमरवर, मग व्हिट्रिफाइड. आमची इमारत पुनर्विकासाला गेली तेव्हा सकाळी घणाचे घाव सुरू झाले आणि दुपारपर्यंत वेलीचा चुरा झाला. माझ्या हाती अकरा लाद्या लागल्या. त्या आज नव्या घराच्या उंबऱ्याशी बसवल्या आहेत. एवढी देखणी वस्तू आपण राडारोड्यात फेकतो, याचं मला फार वाईट वाटतं.

तुमच्या इमारतीचीही पाळी आली असेल, तर सामान बांधण्याआधी एक चांगला गवंडी बोलवा आणि कोपऱ्यातली एक लादी पटाशीने उचलून पाहा. चुन्यात बसवलेली असेल तर बहुधा अख्खी सुटेल. प्रत्येकीच्या पाठीवर खडूने आकडा घाला, आणि किनारीच्या वेगळ्या ठेवा.