पाच किलोमीटर आणि सावरपाडा

नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर (कागदोपत्री हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान) जॉगिंग ट्रॅकवर पहिल्या दिवशी मी जेमतेम दोन मिनिटं पळलो. नवे कोरे बूट, हातात घड्याळ, आणि तोंडाला फेस! नऊवारीतल्या एक आजी शांतपणे चालत मला मागे टाकून गेल्या. दोन वर्षांपूर्वीही असंच झालं होतं. तेव्हा तिसऱ्या आठवड्यात नडग्या दुखायला लागल्या आणि मी गाशा गुंडाळला. यावेळी पाच किलोमीटरच्या शर्यतीची फी भरून बसलो होतो. मग आमच्या धंद्याला शोभेल असंच केलं. पळायचं सोडून वाचायला बसलो :)

वाचताना पहिली गोष्ट कळली ती म्हणजे पळणं हा आपल्याकडे बूटवाल्यांचा खेळ नव्हताच. १९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धा होत्या आणि अध्यक्ष होते सर दोराबजी टाटा. पळणारे बहुतेक शेतकरी, तेही अनवाणी. ना कोच, ना नियमांची नीट माहिती. पण लांब पल्ल्याच्या त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळ जाणाऱ्या आहेत हे टाटांच्या लक्षात आलं. त्यातूनच १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय संघ गेला. त्यातले बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये २ तास ५० मिनिटांत १९ वे आले.

नव्वद वर्षांनी जवळजवळ तीच गोष्ट आमच्या जिल्ह्यात घडली. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत. पळायला पैसे लागत नाहीत, अनवाणीसुद्धा पळता येतं, म्हणून हा खेळ निवडला असं तिने स्वतःच सांगितलंय. नाशिकला विजेंद्र सिंग यांनी तिला घडवलं. ऑक्टोबर २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने १०,००० मीटर, म्हणजे ट्रॅकच्या २५ फेऱ्या, ३३ मिनिटं ५.२८ सेकंदांत पूर्ण केल्या आणि ब्राँझ मिळवलं. राष्ट्रकुलमध्ये ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. त्याआधीचं आपलं असं पदक १९५८ चं, मिल्खा सिंगचं! पुढच्याच महिन्यात ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत तिला रौप्य मिळालं. सुवर्ण मिळवणारी प्रीजा श्रीधरन तिच्यापुढे एक सेकंदसुद्धा नव्हती. 'सावरपाडा एक्सप्रेस' हे नाव उगाच नाही पडलं.

आता माझा प्रश्न. या लोकांकडे असं काय होतं जे माझ्याकडे नाही? जिद्द, गुणवत्ता वगैरे आहेच. पण माझ्या मते आणखी एक साधी गोष्ट होती, ती म्हणजे लहानपणापासूनची पायपीट. शाळा, पाणी, शेत, सगळं पायीच. पळण्याची सवय हृदयाला आणि फुफ्फुसांना काही आठवड्यांत होते, पण हाडं आणि स्नायूबंध घट्ट व्हायला महिने लागतात. म्हणून दम टिकायला लागला की आपण चेकाळून वेग वाढवतो आणि नडग्या बोंबलतात. पाड्यावरच्या मुलीचा हा पाया आपोआप भरलेला असतो. अर्थात तिथली पायपीट ही काही हौस नव्हती, गैरसोय होती. तिचं कौतुक करताना एवढं भान ठेवावं.

खुर्चीतल्या माणसाने काय करायचं? याचं उत्तर न्यूझीलंडच्या आर्थर लिडियार्डने दिलं. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्याच्या दोन शिष्यांनी एकाच दिवशी सुवर्णपदकं मिळवली. नंतर त्याने साध्या, पोट सुटलेल्या लोकांना हळूहळू पळायला लावलं. मंत्र एकच, पळताना गप्पा मारता आल्या पाहिजेत. १९६२ मध्ये तिथे गेलेल्या बिल बॉवरमनला (हाच पुढे नाइकीचा सहसंस्थापक) सत्तरी ओलांडलेल्या, हृदयविकाराचे झटके येऊन गेलेल्या एका आजोबांनी मागे टाकलं होतं. तो परतला आणि अमेरिकेत जॉगिंगचं वेड पसरलं. मग १९९६ मध्ये जॉश क्लार्कने आपल्या पन्नाशीतल्या आईला डोळ्यांपुढे ठेवून 'काउच टू फाइव्ह के' बनवलं. नऊ आठवडे, आठवड्यातून तीन दिवस. पहिल्या आठवड्यात फक्त ६० सेकंद पळायचं, ९० सेकंद चालायचं, असं २० मिनिटं. थोडक्यात, पाड्यावर लहानपणी होणाऱ्या पायपिटीची गरीब नक्कल!

मला ट्रॅकवर चालायची लाज वाटायची. लोक काय म्हणतील, बूट एवढे भारी आणि हा चालतोय! हे सगळं वाचल्यावर ती गेली. चालणं म्हणजे हार नाही, तोच पाया आहे. नऊ आठवड्यांचे मला अकरा लागले, पण नडग्या शाबूत राहिल्या. गेल्या रविवारी पाच किलोमीटर झाले, वेळ ४१ मिनिटं. तेवढ्यात कविता राऊतने दहा किलोमीटर संपवून वर आठेक मिनिटं आराम केला असता. असो! अजिबात न थांबता पळालो, हेच माझं पदक.

उद्या सकाळी परत ट्रॅकवर. आजी असतीलच.